गेममधल्या बिनकामाच्या गप्पा ऐकायच्या कशा

स्टोरी गेम खेळणारे माझे निम्मे मित्र डायलॉग आला की बटण दाबत सुटतात. मिशन कुठंय ते मॅपवर दिसतंच, मग मधे कोण काय बोलतंय याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं. वेळ कमी असतो हे मान्यच आहे, मलाही रात्री जेवणं आटपली की फार तर दीड तास मिळतो, पण त्यातला बराचसा मी अशा गप्पांत घालवतो ज्यांनी गेममध्ये काहीही होत नाही, पॉइंट मिळत नाहीत, दार उघडत नाही, क्वेस्ट म्हणजे नवीन कामगिरी सुरू होत नाही, आणि वर्षभराने मला आठवतात त्या ह्याच गप्पा, बॉसला, म्हणजे त्या मोठ्या शत्रूला, कसं मारलं ते कधीच विसरलेलं असतं. आता नुसतं "स्किप करू नका रे" असं सांगून कोणी ऐकत नाही, मी सांगून बघितलंय. ऐकायची पण एक पद्धत असते, ती जमली की मजा आपोआप यायला लागते, म्हणून जरा नीट लिहितोय.

आधी सेटिंगमध्ये जा. सबटायटल चालू करा, अक्षर मोठं करा, बोलणाऱ्याचं नाव दाखवायचा पर्याय असेल तर तोही चालू करा. संगीताचा आवाज एक-दोन घर खाली घ्या आणि बोलण्याचा पूर्ण ठेवा. वाक्य आपोआप पुढे जायचं सेटिंग असेल तर ते बंद करा, आपल्या हाताने पुढे न्या. हे सगळं मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्यापैकी खूप जण मराठी मीडियमचे, हे गेम मराठीत नसतात, आणि एखादा अमेरिकन काउबॉय दातात शब्द धरून बोलायला लागला की अर्धं डोक्यावरून जातं, मग माणूस कंटाळून पुढे ढकलतो आणि स्वतःची समजूत घालतो की आपल्याला गप्पा आवडत नाहीत. आवडत नाहीत असं नसतं, वाचून होण्याआधीच त्या निघून गेलेल्या असतात.

मग पहिली सवय, कोणाशीही दोनदा बोला. जपानी आरपीजीमध्ये, म्हणजे एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायच्या गेममध्ये, तर हे हमखास लागू पडतं. माणूस पहिल्यांदा एक बोलतो, परत बटण दाबलं की दुसरं काहीतरी बोलतो, आणि मग तेच वाक्य परत आलं की समजायचं ह्याचं आजचं बोलून झालं. तेवढं झालं की पुढच्याकडे जा.

दुसरी सवय जास्त महत्त्वाची आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. स्टोरीत काहीही घडलं, अगदी छोटंसं जरी, की परत गावात एक फेरी मारायची. गावात पोचल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्यांशी बोलून घ्यायचं आणि नंतर ढुंकून बघायचं नाही असं बरेच जण करतात, त्यात मजा नाही, कारण पहिल्या दिवशी ती माणसं अनोळखी असतात, त्यांचं बोलणं लागणार कसं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कुठे ओळख होते. ह्यासाठी सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे फाल्कॉम कंपनीचा ट्रेल्स इन द स्काय, जपानमध्ये २००४ साली आलेला. त्यात एस्टेल आणि जोशुआ ही दोघं गावोगाव कामं करत फिरतात, आणि स्टोरी एक पाऊल पुढे सरकली की आख्ख्या गावाचं बोलणं बदलतं. म्हणजे दुकानदार, त्याच्या समोर उभी असलेली बाई, बाहेर खेळणारं पोरगं, सगळे, आणि ह्यांच्यापैकी कोणाचाही मुख्य स्टोरीशी संबंध नसतो. प्रत्येकाचं आपलं आपलं काहीतरी चाललेलं असतं, आणि तुम्ही परत गेलात तरच ते कळतं. गेम कधीही सांगत नाही की जा, ह्यांना भेट. एवढंच काय, त्यात एकदा उघडून रिकामी केलेली पेटी परत उघडायला गेलात तर इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांनी त्या रिकाम्या पेटीसाठी पण वेगवेगळी वाक्यं लिहून ठेवलीत. कोणीतरी बसून हे लिहिलं, हे माहीत असून की शंभरातले नव्वद जण रिकाम्या पेटीकडे परत वळणारच नाहीत. मला ह्या गोष्टीचं फार वाटतं खरंच.

मास इफेक्ट ह्या अंतराळातल्या गेममध्ये पण हेच करायचं, प्रत्येक मिशन झालं की जहाजावर वरच्या मजल्यापासून खालपर्यंत एक फेरी, ज्याच्याकडे नवीन बोलायला असेल तो बोलेल. दुसऱ्या भागातला गॅरस नावाचा सोबती त्याच्या तोफांच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे त्या नीट जुळवण्यात, गुंतलोय म्हणाला की समजायचं ह्याच्याकडे सध्या नवीन काही नाही, नंतर यायचं.

बरं, ह्या गप्पा नसल्या तर काय बिघडतं? ह्याचं उत्तर ड्रॅगन क्वेस्ट फोर ह्या जपानी आरपीजीमध्ये मिळतं. त्यात बरोबरच्या लोकांशी केव्हाही बोलायची सोय आहे, पार्टी चॅट म्हणतात तिला. २००८ मध्ये निन्टेंडो डीएसवर इंग्रजी गेम आला तेव्हा ही पार्टी चॅट काढूनच टाकली होती, जपानीत होती, इंग्रजीत नाही. स्टोरी तीच, शेवट तोच, राक्षस तेच, पण तुमच्याबरोबर चालणारी माणसं बराच वेळ नुसती मागून चालतात. २०१४ ला मोबाइलवर आला तेव्हा चॅट परत आली आणि तोच गेम एकदम भरल्या घरासारखा झाला. जमलं तर मोबाइलवालाच खेळा.

आता रस्त्यातल्या गप्पा. ह्या गावातल्या गप्पांपेक्षा अवघड, कारण तुम्ही थांबलेले नसता आणि मधेच शत्रू आला की वाक्य तुटतं. नियम एवढाच की बरोबरचा बोलायला लागला की हात आवरायचा, पळायचं नाही, पेट्या फोडायच्या नाहीत, थेट उडी मारून जायची सोय असली तरी जिथे सोबती आहे तिथे चालत जायचं. २०१८ च्या गॉड ऑफ वॉरमध्ये आपण क्रेटोस असतो, बरोबर त्याचा पोरगा, आणि कमरेला मिमीरचं बोलणारं मुंडकं लटकलेलं असतं, आणि होडीत बसलं की मिमीर जुन्या देवांच्या, राक्षसांच्या गोष्टी सांगायला लागतो, पोरगा मधे प्रश्न विचारतो. तुम्ही काठाला लागलात की तो गोष्ट तिथेच थांबवतो आणि परत होडीत बसलात की सोडली तिथून पुढे सुरू करतो. बरेच जण अशा अर्ध्या अर्ध्या गोष्टी ऐकत गेम संपवतात. मी काय करतो, काठ समोर दिसत असला तरी उतरत नाही, तळ्यात निवांत गोल गोल फिरत राहतो गोष्ट संपेपर्यंत. पाणी छान दिसतं, वल्ह्याचा आवाज येत असतो, आणि बाप कधी नव्हे ते एखादं वाक्य बोलतो पोराशी. एकदा तरी असं करून बघा.

पर्याय निवडायचे डायलॉग असतात तिथे कुठलं वाक्य पुढे नेतं आणि कुठलं नुसतं गप्पांचं ते आधी ओळखायला शिका. विचर थ्रीमध्ये सोपं आहे, पिवळ्या रंगातलं वाक्य विषय पुढे नेतं, पांढरी असतात ती जास्तीची. पांढरी सगळी आधी संपवा, मग पिवळ्याला हात लावा. फायरवॉचमध्ये उलटं आहे, तिथे रेडिओवर डिलायलाशी बोलायचं असतं आणि उत्तर द्यायला ठरावीक वेळच मिळतो, पण रस्त्यात दिसलेल्या काहीबाही वस्तू तिला रिपोर्ट करता येतात, बिअरचे रिकामे डबे म्हणा, पडलेलं झाड म्हणा. वायोमिंगच्या जंगलात एकटा माणूस, दुसऱ्या टॉवरवर एकटी बाई, आणि दोघं रेडिओवर काहीतरी विषय काढून बोलतायत, तिथे कामाचं बोलणं कमीच आहे, त्यामुळे दिसेल ते तिला सांगत सुटा. आणि मनात नसेल तेव्हा उत्तर न देता गप्प राहिलात तर तेही चालतं, ती ते धरून पुढे बोलते.

हेडीसबद्दल, म्हणजे ग्रीक पाताळातून पळून जायच्या गेमबद्दल, जास्त सांगत नाही, तो गेम स्वतःच तुम्हाला हाताला धरून गप्पांकडे नेतो, मेलात की घरी येता आणि झोपाळू हिप्नॉस कोणी मारलं ते यादीत वाचून त्यावर काहीतरी बोलतो. वीस हजारांवर आवाजी ओळी आहेत त्यात. फक्त घाईघाईत दाराकडे पळू नका, डोक्यावर खूण दिसली की थांबा.

नाइट इन द वुड्स मात्र शांतपणे खेळायचा गेम आहे, २०१७ चा. मे नावाची वीस वर्षांची मुलगी कॉलेज सोडून आपल्या गावी परत आलीय, गावातली कामं बंद पडत चाललीत. रोज सकाळी ती माडीवरून खाली उतरते तर आई स्वयंपाकघरात टेबलाशी पुस्तक घेऊन बसलेली. तिथून सरळ बाहेर जाता येतं, गेम अडवत नाही. पण आईपाशी थांबलं तर दोन-चार वाक्यं होतात, थोडी चेष्टा, थोडं कुठे चाललीस वगैरे, आणि ती सांगता सांगता थांबते तिथे कळतं की कॉलेजचा विषय दोघी टाळतायत. मग बाहेर पडलं की पायरीवर बसलेली सेल्मर्स रोज एक छोटीशी कविता ऐकवते, छपरावर जुने मास्तर दुर्बीण घेऊन तारे दाखवतात, संध्याकाळी घरी आलं की बाप टीव्हीसमोर, त्याच्या शेजारी सोफ्यावर बसता येतं. हा गेम खेळताना मी रोजचा रस्ता ठरवून टाकला होता, आई, पायरी, छप्पर, मग मित्र, आणि रात्री बाप, एकही दिवस चुकवायचा नाही. तुम्हीही असा रस्ता ठरवा, कारण इथे एका दिवसाचं बोलणं छोटंसं असतं, ते रोजच्या रोज साठत गेलं की त्याला वजन येतं. एका बसणीत चार-पाच दिवस उडवलेत तर हे होत नाही, एका रात्री गेममधला एकच दिवस खेळा.

आणि रेड डेड रिडेम्प्शन टू, ज्याच्यामुळे मी हे सगळं शिकलो. २०१८ चा गेम, १८९९ सालचा अमेरिकेतला काळ, आर्थर मॉर्गन आणि त्याची टोळी. कॅम्पमध्ये शिरलं की आर्थर पळू शकत नाही, चालतच जावं लागतं, ह्यावर लोक वैतागतात, पण त्या चालण्यातच सगळं आहे. कोणाजवळ गेलात की प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर एल२ धरून चौकोन दाबायचा, आर्थर हाक मारतो. उत्तर आलं की परत दाबा, दोन-तीनदा तरी. खूप दिवसांनी आलात तर होतास कुठे म्हणून विचारतात, अंघोळ केली नसेल तर कॅम्पची व्यवस्था बघणारी मिस ग्रिमशॉ फाडून खाते. पण खरी गंमत बटण न दाबता आहे, रात्री शेकोटीपाशी जाऊन आर्थरला बसवायचं आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून द्यायचा. बाकीचे आपापसात बोलत राहतात, स्वयंपाकी पिअर्सन त्याच्या नेव्हीतल्या दिवसांचं सांगत असतो, कोणी गाणं धरतं, कोणी उठून जातं.

मी असा बसलो होतो तेव्हा आई शेजारी मटार सोलत होती. ती म्हणाली, अरे हे काय, नुसतेच बसलेत सगळे, तू खेळत का नाहीस? म्हटलं हेच खेळतोय. मग तिने विचारलं, तो म्हातारा काय म्हणतोय? म्हटलं तो अंकल, त्याची कंबर दुखते असं सांगतोय. कोणाचा अंकल? कोणाचाच नाही, सगळेच त्याला अंकल म्हणतात. मग करतो काय? काही नाही, काम सांगितलं की कंबर दुखते. तर आई म्हणाली आमच्या वाड्यात होते तसे एक, आणि मग तिने त्या गृहस्थांबद्दल अर्धा तास सांगितलं, जे मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं, मटार संपून गेले तरी ती बोलतच होती. त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा तरी शेकोटी लावायची आणि मी आईला मराठीत सांगायचं कोण काय बोलतंय ते. ही युक्ती सगळ्यांना सांगतो, कोणाला तरी शेजारी बसवा आणि सांगत सांगत ऐका. आपल्या भाषेत सांगायला गेलं की अर्ध लक्ष देऊन चालतच नाही, आणि "हा असा का म्हणाला?" असं समोरून विचारलं गेलं की आपल्याला पण त्या वाक्याकडे परत बघावं लागतं.

काय ऐकायचं नाही तेही सांगतो. मोठ्या शहरांमधून जाताना रस्त्यावरचे अनोळखी लोक चार वाक्यं आलटून पालटून बोलत असतात, स्कायरिम गेममधले पहारेकरी आणि गुडघ्यात बाण लागला हे त्यांचं ठरलेलं वाक्य तर जगाला पाठ आहे, ते वाऱ्यासारखं कानावरून जाऊ द्या, तिथे थांबून काही मिळत नाही. आणि मेहेरबानी करून यादी करू नका, नेटवर सगळ्या लपलेल्या डायलॉगच्या याद्या मिळतात, त्या घेऊन बसलात की बँकेत एंट्री करायला गेल्यासारखं होतं. सुटलं तर सुटलं. दमून आला असाल, डोकं चालत नसेल, तर त्या दिवशी फाइटिंग गेम लावा, गप्पा उद्या ऐका.

शेवटचं एक, गेम संपत आलाय असं वाटायला लागलं की मोठ्या मिशनमध्ये शिरण्याआधी एक पूर्ण फेरी मारून घ्या, सगळ्यांकडे, अगदी दुकानदाराकडे पण. लिहिणाऱ्यांनी बऱ्याचदा तिथे काहीतरी ठेवलेलं असतं. रेड डेडमध्ये ही फेरी जड जाते. सहाव्या चॅप्टरला कॅम्प दुसरीकडे गेलेला असतो आणि हसून बोलणारी माणसं आता तुटक बोलतात, काही तर बघत पण नाहीत आर्थरकडे. मी त्या रात्री नेहमीसारखं आर्थरला शेकोटीपाशी नेऊन बसवलं. आईने थोडा वेळ बघितलं, मग विचारलं, आज कोणी गाणं म्हणत नाही का रे?