मांजर लिटर बॉक्सबाहेर जायला लागली? या चुका टाळा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही माळ्यावरून कूलर उतरवला. त्याची जागा ठरलेली, हॉलच्या खिडकीपाशी. हिवाळाभर तिथे आमच्या मन्या बोक्याचा लिटर बॉक्स होता, म्हणजे रेतीसारखं लिटर भरलेला त्याचा शी-सूचा डबा. तो उचलून गॅलरीत ठेवला. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी गादीवर ओला डाग, सहाव्या दिवशी धुऊन ठेवलेल्या कपड्यांच्या ढिगावर, मग पायपुसण्यावर. घरात सगळ्यांचं एकमत झालं की जागा हलवली म्हणून हा रागावलाय आणि मुद्दाम करतोय. मी त्याला ओरडले. एकदा उचलून डागापाशी नेलं आणि नाक तिकडे वळवलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्या गॅलरीच्या फरशीवर एप्रिलमध्ये सकाळी अकरानंतर अनवाणी पाय ठेववत नाही. मन्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत जात होता, एक पंजा पुढे टाकून मागे घेत होता आणि परत फिरत होता. आठवडाभर हे आमच्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

मांजर डूख धरून गादी ओली करत नाही. तिला दुखतंय, भीती वाटतेय किंवा ती जागा तिला नको आहे, या तिन्हींपैकी काहीतरी असतं. कोणतं ते शोधताना आपण ज्या चुका करतो त्या पुढे लिहिते. सगळ्यात मोठी आधी.

दुखण्याला खोड समजणं

बॉक्स बदलण्याआधी, लिटर बदलण्याआधी, मांजर सू करते कशी ते एक दिवस नीट बघा. निरोगी मांजर साधारण दिवसाला दोन ते चार वेळा सू करते. ती पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन बसत असेल, थेंब-दोन थेंबच येत असतील, बसल्या बसल्या ओरडत असेल, सूची जागा सारखी चाटत असेल किंवा सूमध्ये रक्ताची लाल झाक असेल, तर हा सवयीचा प्रश्न नाही. मूत्राशयाला सूज असली की बॉक्समध्ये बसताना आग होते. मांजर ती आग बॉक्सशी जोडते आणि दुसरी जागा शोधते. अशा वेळी काही मांजरी मोरीची गार फरशी किंवा वॉशबेसिन निवडतात.

बोका असेल तर जास्तच सावध राहा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट बुळबुळीत गाठ अडकली की लघवी पूर्ण तुंबते. रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. लांबून बघणाऱ्याला वाटतं की शी होत नाहीये, बद्धकोष्ठ झालंय. मग कोणी तूप पाजतं, कोणी एरंडेल. त्यात वेळ जातो, आणि इथे वेळच नसतो. बोका कुंथतोय आणि लिटर कोरडं आहे, एवढं दिसलं की रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. ‘सकाळी बघू’ म्हणू नका. घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, मांजरीसाठी ते विष आहे.

आमच्या नागपुरात सेमिनरी हिल्स भागात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरात खाजगी दवाखानेही आता पुष्कळ झाले आहेत. आपल्या भागात रात्री कोण फोन उचलतं, हे मांजर ठणठणीत असतानाच विचारून नंबर लिहून ठेवा.

उलटा प्रकारही असतो. लिटरमधले ओले गोळे एकदम मोठे झाले आणि मांजर पाण्याच्या वाटीपाशीच दिसायला लागली, तर मूत्रपिंड आणि साखर तपासून घ्या. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मांजरीच्या बाबतीत तर नक्कीच. आणि म्हातारी मांजर बॉक्सच्या अगदी शेजारी सू करत असेल, तर बॉक्सची कड ओलांडताना तिचे सांधे दुखत असतील. एका बाजूची कड दहा सेंटिमीटरपर्यंत कापा, धार घासून काढा. पुष्कळदा तेवढंच पुरतं.

उन्हाळ्यातलं पाणी

मांजरीचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. तहान कमी आणि सू घट्ट, अशीच तिची घडण आहे. मेअखेरच्या नवतप्यात, कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा नुसत्या कोरड्या दाण्यांवर असलेल्या मांजरीची सू आणखी घट्ट होते आणि मूत्राशयाचा त्रास असलेल्या मांजरीला ते बाधतं. घरात तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा, बॉक्सपासून लांब, पसरट वाटीत. जेवणात ओलं अन्न वाढवा. उकडलेल्या चिकनचं पाणी दिलं तरी चालतं, फक्त त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

बॉक्स कुठे आहे, हे माणसाच्या सोयीने ठरवणं

आमची चूक ही. बॉक्स आपल्याला दिसायला नको म्हणून आपण तो गॅलरीत, जिन्याखाली, वॉशिंग मशीनमागे सारतो. मांजर सू करताना बेसावध असते. तिला चारी बाजू दिसायला हव्यात आणि निसटायला वाट हवी. एकदा ती आत बसलेली असताना मशीन गरगरायला लागलं, तर ती पुन्हा तिकडे फिरकत नाही.

आपल्याकडे ऋतूप्रमाणे घराची मांडणी बदलते, हे मांजर पाळताना लक्षात घ्यावं लागतं. कूलरशेजारी बॉक्स ठेवला तर घरघर आणि दमट झोत दोन्ही. त्या ओलाव्याने बेंटोनाइट मातीचं लिटर आपोआप चिकट होतं आणि पंजांना लागतं. पावसाळ्यात गॅलरीत हेच होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या गल्ल्यांमधून मारबतींच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, गजबजाटी मिरवणुका निघतात, तेव्हा त्या भागातल्या घरांनी बॉक्स आदल्या रात्रीच आतल्या खोलीत घ्यावा. दिवाळीच्या फटाक्यांनाही तेच. घाबरलेली मांजर पलंगाखालून निघत नाही आणि मग पलंगाखालीच सू करते.

बॉक्स हलवावाच लागला तर रोज हातभर सरकवा. किंवा नव्या जागी दुसरा ठेवा आणि मांजर तो वापरायला लागेपर्यंत जुना उचलू नका. जेवणाच्या ताटलीशेजारी मात्र कधीच नको.

लिटर एका दिवसात बदलणं, आणि वास

महिनाअखेरीस पैसे वाचवायला कोणी बांधकामावरची रेती आणून भरतं. रेती वाईट नाही. चाळून, खडे काढून, उन्हात वाळवून घेतली तर कित्येक मांजरी ती आनंदाने वापरतात. चूक आहे ती एका रात्रीत बदलण्याची. मांजर लिटर पंजांनी ओळखते. बारीक, मऊ, रेतीसारखं लिटर बहुतेकींना आवडतं. लाकडाचे जाड दाणे पुष्कळजणींना टोचतात. बदलायचंच असेल तर जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठ-दहा दिवस जाऊ द्या. थर दोन-तीन इंचांचा ठेवा. अगदी लहान पिल्लांना गोळा होणारं लिटर देऊ नका, ती ते खातात.

सुगंधी लिटर आपल्या नाकासाठी असतं. लिंबा-संत्र्याचा वास तर मांजरीला मुळीच खपत नाही, आणि आपण राहतो संत्र्याच्या गावात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची मांजर दर हिवाळ्यात बॉक्स सोडायची. शेवटी कळलं की आंबिया बहाराची संत्री आली की सालांची बादली बॉक्सच्या कोपऱ्यातच असायची. बादली हलवली आणि मांजर परत आली. पण म्हणून लिंबा-संत्र्याच्या तेलाचा फवारा मांजरीला एखाद्या जागेवरून हुसकायला वापरू नका. ते तेल अंगाला लागून चाटलं गेलं तर तिला बाधतं.

फिनाइल

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या घरांत रोजच्या पुसण्यात फिनाइल असतंच. फिनॉलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकायची क्षमता मांजरीच्या यकृतात फार कमी असते. ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटते आणि विष पोटात जातं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं मांजर असलेल्या घरात लांबच ठेवा. ब्लीचही सूवर ओतू नका. सूमधल्या अमोनियाशी मिळून त्याचा घातक वायू होतो, तो तुमच्याही छातीला लागतो.

शिवाय फिनाइलने डागाचा वास आपल्याला येईनासा होतो, मांजरीला येतच राहतो. जिथे वास आहे ती जागा तिच्या लेखी ठरलेली. आधी कोरड्या फडक्याने दाबून सू टिपा, साध्या पाण्याने पुसा, मग सूचा वास मुळातून मोडणारा एन्झाइमवाला क्लीनर भरपूर ओता आणि डब्यावर लिहिलंय तितका वेळ तसाच राहू द्या. गादीत सू जितकी खोल गेली, तितकाच खोल क्लीनर जायला हवा. जुने डाग दिसत नसतील तर रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्चने शोधा. आम्हाला माहीत नसलेले तीन डाग सोफ्यामागे सापडले होते.

बॉक्समधला मैला दिवसातून दोनदा काढा, पूर्ण लिटर बदलताना बॉक्स साध्या साबणाने धुवा. रोज काढण्यामागे आणखी एक कारण आहे. टोक्सोप्लाझ्मा या पोटातल्या गर्भाला बाधू शकणाऱ्या परजीवीचे बीजकोश मांजरीच्या शीतून बाहेर पडले तरी ते लागण करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

एक बॉक्स, तोही लहान

जितक्या मांजरी तितके बॉक्स आणि वर एक. दोन मांजरींना तीन, आणि तिन्ही एका रांगेत नकोत. नाहीतर दांडगी मांजर वाटेत बसून दुसरीला येऊच देत नाही. बॉक्सची लांबी मांजरीच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट हवी. दुकानातले तयार बॉक्स बोक्याला अनेकदा आखूड पडतात. सीताबर्डीच्या किंवा इतवारीच्या बाजारातून कपडे ठेवायचा मोठा पसरट प्लास्टिकचा टब आणा, स्वस्त पडतो. झाकणाच्या बॉक्समध्ये वास कोंडतो, म्हणून झाकण काढून बघा.

फवारणी आणि सू यांत गल्लत

मांजर उभी आहे, शेपटी ताठ आणि थरथरतेय, धार भिंतीवर किंवा पडद्यावर उडालीय: ही खूण करणं आहे. यात लिटर बदलून काही होत नाही. नसबंदी न झालेल्या बोक्यात हे सगळ्यात जास्त दिसतं आणि नसबंदीनंतर बहुतेकांत थांबतं. पाच-सहा महिन्यांचा झाला की डॉक्टरांशी बोला. नसबंदी झालेला बोकाही असं करत असेल तर खिडकीबाहेर कोण येऊन बसतं ते बघा. गल्लीतला बोका कूलरच्या स्टँडवर चढून आत डोकावत असेल, तर खिडकीच्या खालच्या काचेला कागद लावा.

ओरडणं, मारणं, नाक घासणं

मांजर एवढंच शिकते की माणूस असताना सू करणं धोक्याचं. मग ती लपून करते आणि तुम्हाला डाग चार दिवसांनी सापडतो. मन्याने सोफ्यामागे केलं ते मी ओरडल्यानंतर.

आम्ही पुन्हा सुरुवातीपासून सुरुवात केली. आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घेतली, ती नीट निघाली. मग आतल्या खोलीत त्याला पाणी, जेवण, अंथरूण आणि दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत दोन बॉक्स दिले, एकात जुनं लिटर, एकात चाळलेली रेती. दिवसातून चार-पाच वेळा आमच्यापैकी कोणीतरी त्याच्यापाशी जाऊन बसायचं. गादीवर प्लास्टिक अंथरलं, कपड्यांचे ढीग कपाटात गेले. त्याने रेती निवडली. बॉक्स वापरला की लगेच चिकनचा तुकडा. आठवडाभर एकही डाग पडला नाही, तेव्हा दार उघडलं आणि दुसरा बॉक्स मोरीबाहेरच्या बोळात ठेवला, तिथे सावली असते आणि दोन्हीकडून वाट आहे. पहिले काही दिवस तो दर खेपेला आत शिरण्याआधी वळून माझ्याकडे बघायचा. मी तिथून निघून जायचे.

दिवाळीआधी कूलर परत माळ्यावर गेला. खिडकीपाशी जागा मोकळी आहे. बॉक्स मात्र बोळातच राहू दिलाय.