५.१ होम थिएटरचे मागचे स्पीकर मुके: माझा अनुभव
लक्षण असं: रिसीव्हर (स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा) टीव्हीला एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे पाठवणारी सोय) जोडलेला, पण सिनेमा लावला की मागचे दोन स्पीकर गप्प. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर कायम 'पीसीएम २.०', म्हणजे न आवळलेला, दोनच चॅनेलचा आवाज. रिसीव्हरच्या टेस्ट टोनला मात्र तेच स्पीकर खणखणीत वाजायचे, म्हणजे वायरिंग ठीक होतं.

केबल बदलली, रिसीव्हर रिसेट केला, ऑप्टिकल केबलने (प्रकाशातून आवाज नेणारी तार) जोडून पाहिलं. तीन रविवार वाया, घरच्यांची बोलणी वेगळी.

दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये निघाला. 'पीसीएम'वर माझा टीव्ही ५.१चा, म्हणजे सहा चॅनेलचा (पाच स्पीकर, एक सबवूफर) आवाज दोनांत मिसळून बाहेर सोडत होता. ऑप्टिकलवरही तेच होणार, कारण त्या तारेतून ५.१ जातं ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएससारख्या आवळलेल्या रूपातच.

आधी टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वरून 'बिटस्ट्रीम' केलं, म्हणजे आवळलेला आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे (काही टीव्हींवर 'पास थ्रू' किंवा 'ऑटो' दिसेल). मग टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'स्टीरिओ' काढून 'ऑटो'. मग टीव्ही आणि रिसीव्हर, दोन्हींचे प्लग काढले. मिनिटभराने आधी रिसीव्हर चालू, नंतर टीव्ही. शेवटी ॲपमध्ये ५.१ लिहिलेला ऑडिओ ट्रॅक निवडला. हे विसरू नका, एकाच सिनेमाचा एका भाषेतला ट्रॅक ५.१ आणि दुसरीतला नुसता स्टीरिओ असू शकतो.

डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल' उमटलं आणि पाऊस पाठीमागून पडायला लागला.