शहरातून परतून गावात धंदा उभारताना

पुण्याहून किंवा सुरतेहून यवतमाळकडच्या गावी परतून स्वतःचा धंदा उभारायचा असेल, तर ज्यावर हात बसला आहे तेच काम निवडावे. मात्र गावात त्याला गिऱ्हाईक आहे का, हे आठवडी बाजारात फिरून आधी पाहावे. वेल्डिंग येणाऱ्याने शहरी ग्रिलपेक्षा डवरे (पिकातले तण काढायची अवजारे) आणि फवारणी पंपांच्या दुरुस्तीकडे वळणे बरे. कापूस विकला जाईपर्यंत गावात बहुधा उधारीच चालते (पोळ्याला तर फारच थोड्यांच्या हाती पैसा असतो); म्हणून चार-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय शहरातले काम सोडू नये. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) विनाशुल्क होते, दलालाला पैसे देऊ नयेत. मुद्रा या सरकारी कर्जयोजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मागता येते. अर्जासोबत यंत्राचे दरपत्रक जोडावे.