कास्ट आयर्न बुलेटचं हाफ इंजिन घरी बांधायचं तर

हाफ इंजिन म्हणजे क्रँककेस न फोडता वरचा भाग, म्हणजे हेड (सिलिंडरवरचं झाकण), सिलिंडर आणि पिस्टन, खोलून नीट करणं. गाडी धूर मारायला लागली की लोक सरळ पाने बाहेर काढतात. आधी खात्री करा. प्लग काढून भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, प्लग लावा आणि किक दाबून बघा. किक आता जड लागली तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) गेलेत. तशीच हलकी राहिली तर वॉल्व नीट बसत नाहीत. मग नुसतं हेड उतरवूनही भागतं. धूरही सांगतो. रेस देताना सतत निळा येत असेल तर रिंगा. उतारावर रेस सोडून खाली आलात आणि पुन्हा रेस देताच भपकन आला तर वॉल्व गाइड, म्हणजे वॉल्वची दांडी ज्यातून सरकते ती नळी.

मी बोलतोय ते जुन्या ३५० बद्दल: ७० मिलीमीटरचा बोअर, ९० चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), ३४६ सीसी, गिअर उजव्या पायात. कॉम्प्रेशन जेमतेम साडेसहाला एक. त्यामुळे हे इंजिन बरंच काही पोटात घालतं, पण घाण आणि तेलाची उपासमार मात्र नाही.

जुन्या बुलेटचे बरेच नट इंची मापाचे आहेत. मिलीमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. इंची पाने आधी मिळवा, मगच टाकी उतरवा.

कार्बोरेटर, सायलेन्सरचा पाइप, रॉकरची (वॉल्व दाबणाऱ्या दांड्यांची) तेलाची नळी काढा. पिस्टन कॉम्प्रेशनवर अगदी वर आणा, म्हणजे दोन्ही पुशरॉड (रॉकर ढकलणाऱ्या उभ्या सळ्या) मोकळे होतील. रॉकरचे ठोकळे आणि त्यांच्या टोप्या जोडीने घडवलेल्या असतात; इकडची टोपी तिकडे गेली की रॉकर अडकतो. जोड्या पिशवीत वेगळ्या बांधा, वर ‘इन’ आणि ‘एक्झॉस्ट’ लिहा. पुशरॉडनाही तेच. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. सिलिंडर हलत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. टॅपेटच्या (पुशरॉडच्या खालच्या टोकाच्या) झाकणाआड एक नट लपलेला असतो, तो निघालाय का बघा.

सिलिंडर वर येताच क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनची) क्लिप उडून आत पडली तर हाफचं फुल इंजिन होतं. नवीन क्लिप दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे, जुनी परत घालू नका.

आता कनेक्टिंग रॉड वरच्या टोकाला आणून दोन्ही हातांनी सरळ वर-खाली ओढा. आडवा थोडा हलला तर चालतं. वर-खाली ‘टक’ लागलं तर क्रँक बाहेर काढावा लागणार, आणि तो प्रेस व सेंटर असलेल्या माणसाचाच उद्योग. घरातल्या हातोड्याने क्रँक सरळ होत नाही.

बोअरिंगला जाताना नवा पिस्टन हातात घेऊन जा. वीस थाऊने मोठा किंवा चाळीस थाऊने, जो लागेल तो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात हे काम करणाऱ्यांची वानवा नाही, पण ‘टाईट ठेवतो, गाडी जोरात पळेल’ असं कोणी म्हणालं तर हसून नको म्हणा. लोखंडी सिलिंडर, वाऱ्यावर थंड होणारा. पिस्टनच्या स्कर्टपाशी मी चार ते पाच थाऊ जागा मागतो. त्याहून घट्ट सोडला की पहिल्याच घाटात पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो.

बोअर करून आणलेला सिलिंडर दिसतो चकचकीत, पण होनिंगच्या (बोअर आतून घासायच्या) दगडाची पूड त्याच्या रेघांत बसलेली असते. रॉकेलने ती जात नाही, नुसती पसरते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घेऊन सिलिंडर घासा, लगेच पुसा आणि तेल लावा. मग पांढऱ्या जुन्या धोतराचा तुकडा तेलात भिजवून आतून फिरवा. पहिला तुकडा करडा निघेल. दुसराही. तुकडा पांढरा निघेपर्यंत थांबायचं नाही. ह्या कामाला अर्धी सकाळ गेली तरी जाऊ द्या.

रिंग पिस्टनच्या डोक्याने बोअरमध्ये सरळ ढकला आणि तोंडातली फट फिलर गेजने मोजा. बारा थाऊच्या खाली असेल तर बारीक कानसीने घासा. पिस्टनवर चढवताना तोंडं एका रेषेत ठेवू नका.

वॉल्व लॅप करून, म्हणजे पेस्ट लावून बैठकीवर घासून, झाले की हेड उलटं-सुलटं बघत बसण्यापेक्षा पोर्टमध्ये पेट्रोल ओता. वॉल्वखालून ओल आली तर पुन्हा पेस्ट लावा.

हेड चढवण्याआधीच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावा. पिस्टन समोर दिसत असतं तेव्हा व्हर्निअरच्या दांडीने मोजणं सोपं. आधी डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची (उघडून ठिणगी पाडणाऱ्या टोकांची) फट पंधरा थाऊ. मग कॉम्प्रेशनवर पिस्टन टॉपच्या ०.८ मिलीमीटर अलीकडे आणा, चावी चालू करा. पॉइंट मिटलेला असताना ॲम्पमीटरचा काटा एका बाजूला झुकतो. उघडताच मधे येतो. नेमका तिथे येईस्तोवर डिस्ट्रिब्युटर फिरवा.

टायमिंगच्या झाकणातला, तेलाच्या वाटेवरचा कॉर्कचा वायसर नवा घाला. तो झिजला की बिग एंडपर्यंत (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकापर्यंत) तेल नीट पोहोचत नाही, आणि मेकॅनिकसुद्धा तो बदलायला विसरतात. पुशरॉड थंड इंजिनावर असे जुळवा की चिमटीत सहज फिरतील पण वर-खाली हलणार नाहीत.

गाडी सुरू होताच रॉकरच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करा. मिनिटभरात तेल पाझरलं नाही तर लगेच बंद करून कारण शोधा. आलं तर बोल्ट आवळा, इंजिन तापू द्या, पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा बघा. पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या आत, एकसारखा वेग न धरता. पन्हाळ्याला मागे कोणाला बसवून निघू नका. पाचशेला तेल बदला आणि जुनं तेल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात बघा: बारीक चकाकी चालेल, बोटाला टोचणारा कण निघाला तर झाकण पुन्हा खोला.