एक संच, तीन नाटकं, एक मे महिना

त्याच आठ-दहा नटांना घेऊन पुण्यात मे महिन्यात तीन नाटकं आलटूनपालटून करायची, तर हंगाम अभिनयापेक्षा सामानाच्या हलवाहलवीत जास्त वेळा अडकतो. म्हणून संहिता निवडतानाच बघा, तिन्हींचं नेपथ्य एका ‘छोट्या हत्ती’ टेम्पोत बसतंय का.

कागदपत्रं थोडक्यात: लेखकाची लेखी परवानगी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रत्येक संहितेला प्रमाणपत्र, मग तारखा. तारखा शक्यतो एकाच जातीच्या रंगमंचावर घ्या. शनिवार पेठेतल्या छोटेखानी सुदर्शन रंगमंचावर दबक्या आवाजात जमलेला प्रवेश भरत नाट्य मंदिराच्या मोठ्या कमानी रंगमंचावर तसाच ठेवला, तर मागच्या रांगांना नुसते ओठ हलताना दिसतात.

नेपथ्याच्या भिंतींना सहा फ्लॅट, म्हणजे कापड ताणलेल्या लाकडी चौकटी, पुरतात. आठ बाय तीन फूट, दोन बाय एक इंची पट्ट्यांची चौकट, दोन्ही बाजूंनी मांजरपाट ताणलेलं. एका बाजूला पहिल्या नाटकाची भिंत, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची. तिसरं काळ्या पडद्यांवर करा. दोन-दोन फ्लॅट बिजागरीनं जोडा, पण पिन उपसता येणारी बिजागरी घ्या. डिस्टेंपर स्वस्त पडतो, मात्र वळवाच्या एका सरीत ओघळतो. प्लॅस्टिक पेंट मॅटच हवा, चकाकी स्पॉटलाइटखाली डोळ्यांत जाते. टेम्पोचा हौदा साधारण सात फूट, म्हणजे फ्लॅट फूटभर बाहेर राहणार आणि कोपरे तिथेच फुटणार. त्या टोकांना गोणपाट बांधा, वर ताडपत्री. नट-बोल्ट एका डब्यात, झाकणावर संख्या लिहून. आवरताना मोजूनच झाकण लावायचं. एक बोल्ट हरवला की पुढच्या प्रयोगात दार डुलतं आणि बिचारा नट ते पाठीनं रेटत संवाद म्हणतो.

तालमींना आठ आठवडे धरा. अवघड नाटक आधी उभं करा, कारण त्याला मुरायला वेळ लागतो. खरा धोका पुढे आहे: नट एका नाटकातून दुसऱ्यात घसरतो, तेही अगदी साध्या वाक्यावरून. ‘तू कधी आलास?’ तिन्ही संहितांत असतंच. अशी वाक्यं शोधून लाल करा आणि प्रत्येक ठिकाणी हालचाल वेगळी ठेवा: इथे खुर्चीतून उठताना, तिथे दाराशी पाठमोरं. पहिल्या उभ्या तालमीपासून पायताणही बदला. एकात कोल्हापुरी, एकात बूट, एकात अनवाणी. पायाला जे कळतं ते जिभेला आठवतं. प्रयोगाच्या दिवशी मेकअपआधी गोल बसून सगळी वाक्यं झरझर, सपाट म्हणून घ्या. अभिनय करू लागेल त्याला थांबवा.

तिन्ही नाटकांना प्रकाशयोजनेचा सांगाडा एकच ठेवा: बारा स्पॉट, त्यांतले आठ हलवायचेच नाहीत. हजार वॅटचा स्पॉट सव्वाचार अँपिअरच्या पुढे ओढतो, तेव्हा पंधरा अँपिअरच्या जोडणीवर तीनच. चौथा लावलात तर ऐन प्रवेशात ब्लॅकआऊट मिळेल, तोही फुकट. नटांच्या जागा जमिनीवर टेपनं आखा, नाटकागणिक रंग वेगळा.

मिशांचं काय? त्या चिकटवायचा स्पिरिट गम मे महिन्यात घामावर धरत नाही. ओठावरची जागा आधी कोरडी पुसा, गम लावून चिकट होईपर्यंत थांबा, मिशी ठेवून ओल्या फडक्यानं दाबा. ही जागा सोडून बाकी चेहऱ्याला मेकअपचा बेस लावायचा, उलट क्रमानं केलंत तर मिशी पहिल्याच अंकात लोंबते.