आधी गेटवर जा, कोर्स मग ठरवा

गावात स्किल सेंटर काढायचं म्हटलं की पहिली मीटिंग होते ती कोर्स कुठला यावर, आणि उत्तर ठरलेलंच, कॉम्प्युटर नाहीतर शिवणकाम. मी म्हणतो मीटिंग राहू दे, आधी दोन-तीन दिवस गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, होंडा, जी इंडस्ट्रियल इस्टेट जवळ असेल तिथं फिरून या. एचआरला भेटाच, पण खरी माहिती शिफ्ट सुपरवायझरकडे असते, त्याला एवढंच विचारा की गेल्या वर्षी कुठल्या कामाला माणूस मिळाला नाही आणि मिळालेला का टिकला नाही.

आम्ही विचारलं तर एका औषध कंपनीतला सुपरवायझर म्हणाला, पोरांना मशीन येतं हो, लॉगबुक येत नाही. चूक झाली की गिरवतात नाहीतर व्हाइटनर लावतात. फार्मात ते चालतच नाही, चुकीवर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. आता हे शिकवायला काय वेगळा कोर्स लागतो का? आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक मशीनला एक वही लटकवा आणि रोज भरून घ्या, झालं.

दुसरं, लोकांना जे काम येतंय ते आधी मोजा. डिचोली-सत्तरीत 2012 ला खाणी बंद पडल्या, मग 2018 ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या 88 खाण-लीज रद्द केल्या, ट्रकवाले मेकॅनिकवाले सगळे घरी. त्यातला एकेक जण डंपरचं हायड्रॉलिक डोळे मिटून उघडेल, फक्त हातात कागद नाही. अशांना परत पहिलीत बसवू नका, आरपीएलची सोय आहे, म्हणजे येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात.

मग अप्रेंटिस. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, 2.5 ते 15 टक्के, कॉन्ट्रॅक्टवाले धरून. 200 माणसांच्या कंपनीत कमीत कमी 5. कंपनीत जाताना हा हिशोब खिशात ठेवा पण पहिल्याच भेटीत कायदा दाखवू नका, चहा गार होतो. त्यांचा एखादा माणूस आयटीआयच्या मॅनेजमेंट कमिटीत आला तर सोन्याहून पिवळं.

आणि बस! हे कुठल्याच प्लॅनमध्ये नसतं. आमचा एक पोरगा चांगला फिटर, शिफ्ट सकाळी 6 ची, म्हणजे पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा वाजायच्या कितीतरी आधी घर सोडायचं, त्या वेळी गावातून बस नाही, बाइक घ्यायला पैसे नाहीत, दीड महिन्यात सोडलं. तेव्हा कोर्सला नाव घालतानाच पोराचा स्टॉप लिहून घ्या, कंपनीकडून शिफ्टच्या वेळा घ्या, आणि दोन्ही एका कागदावर मांडून कदंबला, म्हणजे सरकारी बस महामंडळाला, अर्ज करा. नुसतं बस हवी म्हणून लिहिलं तर फाइलमध्ये जातं, 'अमुक स्टॉपवरून 5 वाजता 14 जण' असं लिहिलं की निदान कोणीतरी फोन करून विचारतं.