पाणी आधी मोरीतून येतं: पुराच्या तयारीची वही

आमचं घर कोल्हापूरला शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला. धंदा गणपतीचा. म्हणजे पुराचा महिना आणि घर मूर्तींनी भरायचा महिना एकच. २०१९ ला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी आलं, तेव्हा चतुर्थीला महिनाही राहिला नव्हता. खालच्या फळीवर शाडूचे गणपती ओळीनं मांडलेले. शाडू पाण्यात बसला की आधी सोंड जाते, मग हात. पोट शेवटपर्यंत टिकतं. ते बघितल्यावर मी वही घातली. आमच्या वन्सं चिपळूणला असतात, त्यांनी परवा ती मागितली, म्हणून जरा नीट मांडतेय.

आधी फूग समजून घ्या. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की आमचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. नदी फुगली की नाला उलटा, नाला फुगला की गटर उलटं, आणि मग संडासाच्या भांड्यातून बुडबुडे यायला लागतात. रस्ता कोरडा आणि मोरीत घोटाभर पाणी! लोक पुढच्या दाराला वाळूची पोती रचून बसतात आणि पाणी मागनं घरात शिरतं.

म्हणून पहिलं काम संडासाचं. दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या एकात एक घालायच्या, निम्मी वाळू भरायची, तोंड सुतळीनं आवळायचं. गच्च भरलेली पिशवी भांड्यात नुसती वर बसते. निम्मी भरलेली दाबली की भोकाच्या आकाराची होते. मोरीच्या जाळीवर जुन्या साडीचा बोळा आणि त्यावर पाटा. (वरवंटा कधीच हरवलाय, पाटा तेवढा ह्याच कामाला ठेवलाय.) ह्यानं पूर थांबत नाही. सामान वर न्यायला दोन-तीन तास मिळतात, तेवढे पुरतात.

दुसरं, स्वतःचा आकडा काढा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे आकडे नदीचे आहेत, तुमच्या उंबऱ्याचे नाहीत. आमच्या उंबऱ्याला ४६ च्या आसपास पाणी लागतं, उतारावरच्या घरांना त्याच्या आधी. पाणी पायरीला लागेल त्या दिवशी बंधाऱ्याची पातळी किती होती ते लिहून ठेवा आणि भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारा. आमचं ठरलेलं आहे: ३९ ला मूर्ती माळ्यावर, ४१ ला फ्रीज आणि गॅस, ४३ ला म्हातारी माणसं आणि पोरं नातेवाइकांकडं. मामंजी दर वेळी म्हणायचे, "अजून तीन फूट हाय की." नदीच्या वरच्या अंगाला राधानगरी धरण आहे, त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, मग रात्रीचे दोन का असेनात. २०१९ ला पातळी ५५ च्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या. मामंजींच्या तीन फुटांवर मी आता काही सोडत नाही.

वन्संकडं नुसता आकडा पुरत नाही, तिथं घड्याळही लागतं. त्यांच्या नदीला फूग आणतो समुद्र. भरती असली की वाशिष्ठीचं पाणी खाडीत तुंबतं. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. खाडीत आत जावं तसा उशीर होतो, तो आपापल्या धक्क्यावर बघून ठेवायचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. २०२१ ला चिपळूण बुडालं ते २२ जुलैला, आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. म्हणून पंचांग आणि पावसाचा अंदाज शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. मुसळधार पाऊस आणि उधाण एका दिवशी दिसले की सामान आदल्या दिवशीच वर. शिवाय १९०१ पासून जगभरातला समुद्र सरासरी २० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वर आलाय. आजोबांच्या वेळच्या खुणेवर त्यांनी विसंबू नये. दर दोन-चार वर्षांनी रेघ नव्यानं मारावी.

घरातल्या वस्तूंचं म्हणाल तर जड ते खाली राहतं हा समज काढून टाका. फ्रीज तरंगतो, आडवा होतो आणि दार अडवतो. भरलेली गॅसची टाकीसुद्धा तरंगते. रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि टाकी खिडकीच्या गजाला उभी बांधा. मेन स्विच पाणी आत यायच्या आधी बंद करायचा, कोरड्या हातानं, कोरड्या जमिनीवर उभं राहून. पाय भिजल्यावर त्याला हात लावायचा नाही. इन्व्हर्टरची बॅटरी वर न्यायला दोन माणसं लागतात, ती आधी सांगून ठेवा.

आणि पिण्याचं पाणी. चारी बाजूंनी पाणी आणि नळ कोरडा, कारण पंपच बुडालेले. ३९ ला पिंप, कळशा, कुकरसुद्धा भरून ठेवायचे.

पाणी उतरताना गाळ ओला असतानाच खराट्यानं त्याच पाण्याबरोबर बाहेर ढकला. वाळला की तो निघत नाही. पायात गमबूट घाला. कपाटात हात घालायच्या आधी काठीनं वाजवा, साप असतात. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, आणि ताप आला तर लेप्टोचं (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) डॉक्टरांना विचारा.

खराटा उचलायच्या आधी मात्र फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेली गादी एकाच फोटोत आली पाहिजे. २०१९ ला मी दोन दिवस राबून घर लख्ख केलं. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला आलेला माणूस दारातनंच म्हणाला, "वहिनी, इथं तर काहीच झालेलं दिसत नाही."